भिंतीमागचा डाग

१

घड्याळ दिसलं की कामगाराचा हात जड होतो. हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही, पण १९७९ साली सातपूरच्या ज्या कारखान्यात मी वर्क-स्टडी असिस्टंट म्हणून लागलो, तिथल्या झाडूवाल्यालाही ते ठाऊक होतं. माझं काम एवढंच, की स्टॉपवॉच घेऊन मशिनपाशी उभं राहायचं, एक नग करायला किती सेकंद लागतात ते लिहायचं आणि त्यावरून दिवसाला किती नग झाले पाहिजेत ते ठरवायचं. मी उभा असेपर्यंत सगळे असे हळू काम करायचे, की बघणाऱ्याला त्यांची दया यावी. मी पाठ फिरवली की तेच हात भराभर चालायचे, आणि वाचलेल्या वेळात गप्पा. मला या लोकांचा मनापासून राग यायचा. ते मला बावळट समजत होते आणि मी रोज बावळट ठरत होतो.

माझं नाव मल्हारी, गाव सायखेडा. डिप्लोमा करून नोकरीला लागलो होतो, पण अजून कायम झालो नव्हतो. कायम केल्याचं पत्र मिळालं नाही तर परत गावी जाऊन थोरल्या भावाची बोलणी खात त्याच्या शेतात राबायचं, एवढंच पुढ्यात होतं.

प्रेस शॉपमध्ये अकरा प्रेस होते. पितळेची पट्टी डायखाली, म्हणजे पोलादी साच्याखाली, सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका पडला की इलेक्ट्रिकच्या बटणात बसते ती बारकी पत्ती कापून निघते. ती उचलायची आणि पट्टी पुढे सरकवायची. उचलताना पाय चुकला तर बोट जातं. तिथे कोण किती जुना हे बोटं मोजून कळायचं. तीन नंबरच्या केरूला सात बोटं उरली होती आणि तो ते हसत सांगायचा. सात नंबरवरच्या चतुराबाईला मात्र नऊ वर्षांनंतरही दहाच्या दहा बोटं होती, कारण ती पत्ती बोटांनी उचलायचीच नाही. तिच्याकडे घरून आणलेला एक लांबट लोखंडी चिमटा होता, चुलीतला निखारा उचलायचा. त्या चिमट्यापायी दर नगामागे दोन सेकंद जायचे. मी ते माझ्या तक्त्यात लाल शाईनं लिहून ठेवलं होतं.

२

नवे मॅनेजरसाहेब मुंबईला कसलासा कोर्स करून आले आणि त्यांनी आम्हाला जमवून सांगितलं, की माणूस काम करत नसतो, भोवतालची जागा त्याच्याकडून काम करून घेते. रंग बदला, उजेड बदला, माणूस आपोआप बदलेल. मग प्रेस शॉपला फिकट हिरवा रंग लागला. पिवळे बल्ब गेले, ट्यूबलाइट आल्या. मागच्या भिंतीत मोठी खिडकी होती, तिच्यातून कंपाउंडपलीकडचा कडुलिंब आणि त्र्यंबक रोडवरच्या बसगाड्या दिसायच्या. लक्ष विचलित होतं म्हणून ती विटांनी बुजवायची ठरली. चतुराबाई साहेबांना म्हणाली, की खिडकी राहू द्या, दहा-वीस नगांनी मान वर करून लांब बघितलं की डोळ्याला बरं वाटतं आणि पाय चुकत नाही. साहेबांनी तिला बोटानं ट्यूबलाइट दाखवली.

खिडकी बुजवायचं काम माझ्या देखरेखीखाली झालं. ती भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये जेमतेम दोन फुटांचा बोळ होता. बोळाच्या एका टोकाला पत्र्याचं दार होतं आणि त्याच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असायची. गवंड्याला मी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लिंबाएवढं एक भोक ठेवायला लावलं. हवेला हवं, असं सांगितलं. हवेला भोक लागतं का, असं त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बोळात उभा राहून, भिंतीला कपाळ टेकून, भोकाला डोळा लावून आत बघायला लागलो. कामगारांचा खरा हात मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. चोर पकडल्यावर होतो तसा आनंद मला झाला, हे कबूल करतो. फक्त चतुराबाईचा हात माझ्यासमोर जसा चालायचा तसाच माझ्यामागेही चालत होता, चिमट्यानं, एकेक पत्ती. त्याचाही मला रागच आला.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. बोळातला उजेड भोकातून आत यायचा आणि हिरव्या भिंतीवर एक पांढरा ठिपका दिसायचा. मी डोळा लावला की तो विझायचा. आठवड्याभरात सगळ्यांना समजलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण मी कधी येईन याचा नेम नव्हता, त्यामुळे ठिपक्यावर एक नजर ठेवून ते दिवसभर हात चालवायला लागले. नग वाढले. साहेबांनी मोठ्या साहेबांना कळवलं, की हिरव्या रंगाचा परिणाम दिसतो आहे. मी मान डोलावली.

३

नोव्हेंबरात वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी चार दिवस सायखेड्याला होतो. बोळाचं कुलूप मी स्वतः लावलं होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती. परत आलो आणि तक्ता बघितला तर त्या चार दिवसांत जेवढे नग झाले होते तेवढे कारखाना सुरू झाल्यापासून कधीच झाले नव्हते.

केरू मला नळावर भेटला. त्याचे डोळे लाल होते.

"सायेब, जरा दम खात जा की," तो म्हणाला. "चार दिवस तुमी हललाच नाय तिथून. तो ठिपका एकदाबी उजळला नाय."

मी गावी होतो, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी नसतानाही ते मला घाबरून असतील तर मला ते हवंच होतं. मी स्वतःची समजूत घातली, की भोकात पाला अडकला असेल, कोळ्यानं जाळं धरलं असेल, ठिपका दिसला नसेल. मग जाऊन बघितलं. कुलूप जसंच्या तसं होतं. भोक मोकळं होतं, त्यातून पलीकडच्या ट्यूबलाइटचा उजेड येत होता.

परत फिरताना चतुराबाईनं मला हटकलं. ती फार बोलणारी बाई नव्हती. तिचा प्रेस भोकाच्या अगदी समोर, दोन हातांवर होता.

"एक विचारू का, साहेब? राग नका मानू." ती माझ्या तोंडाकडे निरखून बघत होती. "तुमची पापणी वरून खाली मिटती. सगळ्यांची तशीच मिटती. मग भोकात खालून वर कशी काय मिटत होती?"

मी तिच्यावर खेकसलो. कामात लक्ष असतं तर पापण्या मोजायला वेळ झाला नसता, असं काहीतरी म्हणालो.

४

बोळातल्या भिंतीला चुना मारलेला होता. माणूस रोज एकाच जागी डोकं टेकत असेल तर तिथे तेलाचा डाग पडतो, तसा भोकाच्या वर चार बोटं माझ्या कपाळाचा डाग पडलेला होता. घरोघरी खाटेमागच्या भिंतीवर असतो तसाच. त्यात काही नवल नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी भोकाच्या खाली बघितलं, तर तिथेही एक डाग होता. माझ्या डागापेक्षा मोठा, काळपट, आणि इतका ताजा की बोट लावलं तर बोट ओलं झालं. त्यात दोन-तीन लांब केस चिकटलेले होते.

मी बराच वेळ तिथे उभा राहून डोकं चालवलं. हनुवटीचा असा डाग पडत नाही. कुणी बुटका माणूस असेल तर त्याचं कपाळ खाली येईल, पण मग त्याचा डोळा त्याहून खाली जाईल, भोकाला लागणार नाही. डोळा भोकाला आणि कपाळ भोकाच्या खाली, हे जुळायचं तर डोकं उलटं पाहिजे. पाय वर. मी वर बघितलं. वर पत्र्याची वळचण होती आणि तिच्यापलीकडे नोव्हेंबरचं स्वच्छ ऊन. धरायला किंवा लटकायला तिथे काही नव्हतं. जमिनीवरच्या धुळीत फक्त माझ्या बुटांचे ठसे होते.

मी बोट नाकाशी नेलं. तेलाचा वास नव्हता. फार दिवस न धुतलेल्या डोक्याचा वास होता. मी नळावर जाऊन तीनदा हात धुतला आणि स्वतःला सांगितलं, की कुणीतरी माझी फजिती करतं आहे.

५

त्या आठवड्यात मी बोळात गेलोच नाही. नग वाढतच राहिले. सगळा प्रेस शॉप बदलला होता. चहाचा भोंगा व्हायचा आणि कुणी उठायचं नाही, चहावाला किटली घेऊन परत जायचा. गप्पा बंद, बिडी बंद. अकरा प्रेस आधी आपापल्या चालीनं वाजायचे, आता अकराही ठोके एकदम पडायचे. दाराबाहेर उभं राहून ऐकलं तर आत एकच मोठं मशीन आहे असं वाटायचं. साहेब पाहुण्यांना आणून ती भिंत दाखवायला लागले.

शनिवारी मी आत गेलो तेव्हा चतुराबाईचा चिमटा खिळ्याला टांगलेला होता. ती बोटांनी पत्त्या उचलत होती. ठोका पडायचा, तिची दोन बोटं डायखाली जायची, बाहेर यायची, ठोका पडायचा. मी तिला हाक मारली. तिनं मान वळवली नाही. दुपारी वीज गेली म्हणून प्रेस थांबले, तेव्हा ती माझ्याकडे आली. हाताची बोटं तिनं पदरात गुंडाळून धरली होती.

"हात माझं ऐकत नाय," ती म्हणाली. "चिमटा घ्यायचा म्हणते, हात घेत नाय. तुमी बघत होता तवा आमी मुद्दाम हळू करायचो. घड्याळाला फसवता येतं, साहेब. त्याच्याकडं घड्याळच नाय. ते भोक बुजवा."

तिला वाटतं तसं काही नसतं, असं मी म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, की तिच्या घरात भुताखेताला जागा नाही, बुद्धवंदनेशिवाय दुसरं काही होत नाही, तिच्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तेव्हाच अंगाऱ्या-धुपाऱ्याचं गाठोडं गोदावरीत सोडलं. ते काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. तिला तिची बोटं हवी होती.

तेवढ्यात वीज आली. ट्यूबलाइट फडफडून लागल्या आणि ती बोलता बोलता वळून सात नंबरवर जाऊन बसली. मी तिच्यामागे गेलो. भिंतीवरचा ठिपका काळा होता. बोळाची किल्ली माझ्या हातात होती. मी भोकात बघितलं. आधी नुसता काळोख वाटला. मग तो काळोख ओला आहे हे दिसलं, आणि खालून एक पापणी वर आली, सावकाश, आणि पुन्हा खाली गेली. त्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तो माझ्या खांद्यावरून सात नंबरकडे बघत होता.

मी धावत बाहेरून बोळाकडे गेलो, कुलूप काढलं. बोळ रिकामा होता आणि डाग ओला होता.

६

त्याच दिवशी भोक बुजवायला हवं होतं. तेवढं सिमेंट मागच्या शेडमध्ये पडलेलं होतं आणि दहा मिनिटांचं काम होतं. पण महिना संपायला पाच दिवस होते आणि पत्र एक तारखेला मिळणार असं साहेबांनी स्वतः सांगितलं होतं. नग खाली आले तर साहेब विचारणार, मग ते भोक, मग माझी लबाडी, मग सायखेडा. मी चतुराबाईला म्हणालो, एक तारखेनंतर बघू. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी अजून विसरलेलो नाही.

गुरुवारी सकाळी सव्वादहाला अकरा ठोक्यांतला एक ठोका वेगळा वाजला. मी ऑफिसात होतो, तिथेही तो कळला. मी आत पोचलो तेव्हा सात नंबरच्या डायखाली पितळेच्या पट्टीबरोबर तिच्या उजव्या हाताची दोन बोटं होती. आणि बाकीचे दहा प्रेस चालू होते. एकही माणूस उठला नव्हता. केरूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचे हात पत्त्या उचलत होते. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, तेव्हा कुठे ते सगळे ओरडले.

तिला कंपनीच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. मी त्याच दुपारी घमेल्यात सिमेंट कालवलं आणि स्वतःच्या हातानं भोक बुजवलं. दोन्ही डाग चुन्यानं पुसले. चौकशी झाली. कामगाराचा निष्काळजीपणा, असं साहेबांनी लिहिलं. त्याखाली माझी सही आहे.

७

भोक बुजलं आणि चार दिवसांत नग निम्म्यावर आले, नंतर त्याच्याही निम्म्यावर. आधी मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, की ते मुद्दाम हळू करत नव्हते. ते पट्टी हातात धरून बसायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. साहेबांनी पुन्हा रंग मारून घेतला. काही उपयोग झाला नाही. चौकशीमुळे एक तारखेला अडलेलं माझं पत्र आता तीन महिने पुढे गेलं.

अडीच महिन्यांनी चतुराबाई आठ बोटं घेऊन परत आली. तिला पॅकिंगला बसवलं, पण तिच्या हातात खोका तासन्‌तास तसाच राहायचा. तिनं स्वतः साहेबांकडे जाऊन सात नंबर मागून घेतला. मी तिला विचारलं, की कशाला परत मरायला जातेस. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्यामागच्या भिंतीकडे बघत होती.

"घरी भाकरी थापायला बसते," ती म्हणाली, "तर हात पिठात तसाच राहतो. नवरा घास भरवतो मला, साहेब. केरूला त्याची पोरगी भरवती. आमचे हात तिकडंच राहिले."

ते ऐकून मला दया यायला हवी होती. आली नाही असं नाही. पण त्याच वेळी माझ्या मनात दुसरं काही तयार होत होतं, तेही सांगून टाकतो. भोक उघडायचं, फक्त पत्र येईपर्यंत. त्यांनाही हवंच आहे. पत्र हातात पडलं की त्याच दिवशी पुन्हा बुजवू.

फेब्रुवारीतली भर दुपार होती. जेवणाचा भोंगा झाला, मशिनं थांबली. मी छिन्नी आणि हातोडी घेऊन बोळात शिरलो. मी चुन्यानं पुसलेल्या जागी खालचा डाग पुन्हा वर आला होता. वरचा, माझा, आला नव्हता. सिमेंटच्या गोळ्यावर छिन्नी टेकवली आणि थांबलो. आतून खरवडल्याचा आवाज येत होता. लोखंडानं, नेटानं, मधे जराही न थांबता. मी हातोडी मारली. आतला आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला, माझ्याच जागेवर, माझ्या समोरून. आम्ही दोघं मिळून पाच मिनिटांत तो गोळा फोडला. तुकडे माझ्या बुटांवर पडले आणि भोकातून चिमट्याचं टोक बाहेर आलं.

मी डोळा लावून बघितलं. पलीकडे चतुराबाईचा डोळा होता. तिची पापणी वरून खाली मिटली.

"बाजूला व्हा, साहेब," ती म्हणाली. "ती जागा तुमची नाय."

तेव्हा माझ्या मानेला वरून काहीतरी लागलं. केस होते, ओलसर, लांब, आणि ते खाली खाली येत होते. तो न धुतलेल्या डोक्याचा वास आला. मला वर बघायचं नव्हतं आणि मी बघितलं नाही. मी भिंतीला पाठ घासत, डोळे मिटून, एकेक पाऊल दाराकडे सरकलो. चिमटा भोकातून पूर्ण बाहेर ढकलला गेला आणि सिमेंटच्या तुकड्यांवर पडल्याचा आवाज झाला.

भोंगा व्हायला अजून वीस मिनिटं होती. आत सात नंबरचा प्रेस सुरू झाला.